घाटकोपर ते लॅमिंग्टन रोड : एका संगणकाची खरेदी



२०२५ च्या जून महिन्यात आमच्या घरी संगणक आला. तो आम्ही तयार आणला नाही. त्याचा एकेक भाग पारखून बाजारातून आणला आणि घरीच जोडला. संगणक मुख्यतः धाकट्याच्या हट्टामुळे आला, आणि धाकट्याला तो खेळ खेळण्यासाठी हवा होता. ही वार्ता इमारतीत पसरली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या एका काकांनी आम्हांला जिन्यातच अडवून विचारले, "खेळायला चाळीस हजार?" त्या वेळी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. ते उत्तर आम्हांला ही खरेदी करता करता सापडले. आज अनेक घरांतून मुले हाच हट्ट धरून बसली आहेत, म्हणून ही हकीकत सविस्तर सांगत आहोत.

घाटकोपर पूर्वेला झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत मिळालेले आमचे घर २२५ चौरस फुटांचे. त्यात माणसे पाच. थोरली मुलगी कॉम्प्युटर डिप्लोमाला आहे. कॉलेजातला संगणक दुपारी दोन तास मिळे, बाकीचा अभ्यास ती मोबाइलवर डोळे ताणून करी. धाकटा नुकताच दहावी झाला होता. पैशांची जुळवाजुळव अशी झाली : मुलांच्या आईने बचत गटातून १५ हजार काढले, आम्ही पतपेढीतून १५ हजार उचलले आणि थोरलीने शिकवण्या घेऊन साठवलेले १० हजार पुढे केले. एकूण ४० हजार. यातला एक रुपयाही वर जायचा नाही आणि एक रुपयाही वाया जायचा नाही, असे त्याच रात्री ठरले.

सल्ले उपनगरांचे

आपल्याकडे काही घ्यायचे म्हटले की नातलगांचे सल्ले आधी येतात. मुलुंडचे मेहुणे म्हणाले, लॅपटॉप घ्या, जागा वाचेल. म्हणणे खोटे नव्हते. वीज गेली तरी लॅपटॉप चालतो, कॉलेजातही नेता येतो. परंतु त्याचे बरेचसे भाग कायमचे जोडलेले असतात. उद्या चित्राची ताकद वाढवायची म्हटली तर बहुतेकदा सगळा लॅपटॉपच बदलावा लागतो. शिवाय आमच्या रकमेत येणारा लॅपटॉप जड खेळाला लवकर तापला असता.

बोरिवलीच्या साडूंनी कचेऱ्यांतून निघालेला जुना छोटा डबा सुचवला. असे डबे स्वस्त असतात आणि निव्वळ अभ्यासाला उत्तमही असतात. परंतु त्यांचा वीजपुरवठा आणि मदरबोर्ड बहुधा कंपनीच्या खास मापाचा असतो. त्यात अर्ध्या उंचीचे ग्राफिक्स कार्डच बसते आणि एखादा भाग बिघडला की बाजारातला साधा भाग बसत नाही.

तिसरा अनुभव घाटकोपरमधल्याच एका दुकानातला. दुकानदाराने कागदावर लिहून दिले : "आय-फाइव्ह गेमिंग, १६ जीबी, २२ हजार." आम्ही तर हरखूनच गेलो. थोरलीने विचारले, "कितव्या पिढीचा आय-फाइव्ह?" तो म्हणाला, "आय-फाइव्ह म्हणजे आय-फाइव्ह, ताई." तिने पुन्हा विचारले तेव्हा कळले की तो तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०१२ सालचा माल होता. नाव तेच राहते, पण पिढीगणिक आतली ताकद बदलत जाते. विंडोज ११ ला तर इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० ची नेहमीची देखभाल कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. म्हणजे आम्ही ते २२ हजार देऊन चार महिन्यांत मागे पडणारी वस्तू घरी आणली असती.

तथागतांनी कालामांना सांगितले होते की कोणी थोर म्हणतो म्हणून, परंपरा आहे म्हणून, ऐकले म्हणून काही खरे मानू नका, स्वतः पारखून घ्या. विहारात हे आपण दर रविवारी ऐकतो. त्याचा उपयोग दुकानाच्या काउंटरवरही होतो, हे आम्हांला त्या दिवशी उमगले.

कोणता भाग काय काम करतो

अंधेरीला राहणारा आमचा भाचा संगणक दुरुस्तीचे काम करतो. त्याने एकच युक्ती सांगितली : भागांची नावे पाठ करू नका, प्रत्येक भाग काय काम करतो ते स्वतःच्या शब्दांत लिहा. थोरलीने वही घेतली आणि आजीला समजेल असे लिहायला घेतले.

प्रोसेसर म्हणजे घरातला कर्ता, सगळा हिशेब तो करतो. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. या क्षणी जे शिजते आहे ते ओट्यावर असते, ओटा लहान तर खोळंबा. एसएसडी म्हणजे डबे ठेवायची मांडणी, वीज गेली तरी माल जागच्या जागी. मदरबोर्ड म्हणजे सगळ्यांना जोडणारे घर. एसएमपीएस म्हणजे वीज वाटणारा. ग्राफिक्स म्हणजे चित्र काढणारा, आणि खेळाच्या संगणकात खरा खर्च असतो तो यालाच.

ग्राफिक्स कार्ड वेगळे घेतले असते तर आमचे बजेट तिथेच संपले असते. म्हणून ज्याच्या पोटातच चित्र काढण्याची सोय आहे असा प्रोसेसर घ्यायचे ठरले. एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी हा २०२१ मध्ये बाजारात आलेला प्रोसेसर. सहा कोअर, ६५ वॅट, पंखा खोक्यातच मिळतो. जुने आणि हलके खेळ त्यावर चांगले चालतात, नवे जड खेळ चित्राचा दर्जा उतरवून खेळावे लागतात. पुढे पैसे आले की मदरबोर्डवरच्या रिकाम्या खाचेत कार्ड बसवता येते. आज पोटापुरते, उद्यासाठी खाच मोकळी. मध्यम मार्ग म्हणतात तो हाच.

आता मापाचा प्रश्न. टीव्हीच्या फळीखाली आमच्याकडे एकच कप्पा मोकळा होता. आजीच्या शिवणाच्या टेपने मोजला : उंची १७ इंच, रुंदी ११ इंच. धाकट्याला अगदी इवलासा संगणक हवा होता. त्यासाठी मिनी-आयटीएक्स नावाचा मदरबोर्ड असतो, अवघा १७ सेंटिमीटर लांब-रुंद. तैवानच्या व्हिया कंपनीने हे माप २००१ मध्ये आणले. परंतु लहान म्हणजे स्वस्त असे इथे नसते. मागणी थोडी आणि काम दाटीचे, त्यामुळे बोर्ड महाग, त्याचे छोटे कॅबिनेट महाग आणि पुष्कळदा छोटा एसएमपीएसही महाग. त्याच्या वरचे माप मायक्रो-एटीएक्स, जास्तीत जास्त २४.४ सेंटिमीटर. तीन इंचांच्या फरकापायी काही हजार रुपये घालवणे आम्हांला परवडणारे नव्हते. मायक्रो-एटीएक्सचे १५ इंची कॅबिनेट त्या कप्प्यात बसत होते आणि दोन्ही बाजूंना वाऱ्यालाही जागा राहत होती.

भाव रोज बदलतात. त्याच वर्षाच्या अखेरीस तर रॅमचे भाव जगभर भडकले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणक-केंद्रांकडे कारखान्यांचा माल वळला. म्हणून इथे भाव न देता आमची वाटणी देतो. दर १०० रुपयांतले ३० प्रोसेसरला, २० मदरबोर्डला, १० रॅमला, ९ एसएसडीला, १० एसएमपीएसला, ८ कॅबिनेटला आणि उरलेले १३ यूपीएस, कीबोर्ड व माउसला. पडदा म्हणून घरचा टीव्ही. आज ही वाटणी बदलावी लागेल, पण आधी वाटणी करून मगच घराबाहेर पडायचे ही रीत बदलू नये.

गाडीतली गोष्ट

लॅमिंग्टन रोडची बहुतेक दुकाने रविवारी बंद असतात, म्हणून शनिवारी आम्ही तिघे निघालो. घाटकोपरहून दादर, दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची धीमी लोकल. प्रभादेवी गेले, लोअर परळ आले. जिथे गिरण्यांची धुराडी होती तिथे आता काचेचे मनोरे उभे आहेत. आम्ही मुलांना म्हटले, याच लोअर परळात डबक चाळ होती. सुभेदार रामजी आपल्या कुटुंबासह तिथे एका खोलीत राहत. तीच खोली स्वयंपाकघर, तीच निजायची, तीच अभ्यासाची. छोटा भीम संध्याकाळी लवकर झोपे आणि रामजीबाबा जागत बसत. रात्री दोन वाजता ते मुलाला उठवीत आणि त्याच्या जागी आपण आडवे होत. मग भीमरावांचा अभ्यास सुरू होई.

ही गोष्ट मुलांनी शंभरदा ऐकली असेल. पण गाडीच्या खिडकीतून ते ठिकाण पाहत धाकटा म्हणाला, "म्हणजे जागा एक, शिफ्टा दोन." आम्ही काही बोललो नाही. पुढे त्याचे हे वाक्य त्यालाच लागू करायचे होते.

लॅमिंग्टन रोड

ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरून पाच-सात मिनिटे चालले की लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवर त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण एका जुन्या इंग्रज गव्हर्नराचे नाव लोकांच्या तोंडून जात नाही. हा एकेकाळी सिनेमाचा रस्ता. इथल्या मिनर्व्हा टॉकीजमध्ये १९७५ साली 'शोले' लागला आणि पाच वर्षे चालला. आमच्या वडिलांनी तो तिथेच पाहिला होता. आता या रस्त्यावर खांद्याला खांदा लावून दुकाने, त्यांच्या वर माळ्यावर दुकाने, इमारतींच्या आत गाळ्यांतही दुकाने. फूटपाथवर वायरींची भेंडोळी, हातगाडीवर खोक्यांची चळत, आणि पायरीवर उभा पोऱ्या विचारतो, "क्या चाहिए, बोलो!"

पहिल्या दुकानात भाव कमी होता, पण अट अशी की बिल मिळणार नाही. संगणकाच्या भागांवर १८ टक्के जीएसटी असतो. तो वाचेल हे खरे. परंतु बिल नाही म्हणजे वॉरंटीचा आधार नाही, आणि ग्राहक म्हणून तक्रार करायला हातात कागद नाही. आपण पायरी उतरलो की तो माल आपला नाही आणि त्याचाही नाही. आम्ही नमस्कार करून निघालो.

दुसऱ्या दुकानदाराने सांगितले, जुना प्रोसेसर कशाला, त्याच पैशांत हा नवा आय-फाइव्ह घ्या, जास्त वेगवान आहे. खरेच तो वेगवान होता. थोरलीने खोका फिरवून नाव वाचले. शेवटी 'एफ' अक्षर होते. तिने विचारले, "यात ग्राफिक्स नाही ना?" तो म्हणाला, "कार्ड लावा ना वेगळे, सेकंडहँड देतो." म्हणजे एका अक्षरापायी कित्येक हजारांचा खड्डा. वापरलेले कार्ड वाईटच असते असे नाही. पण २०२१ च्या सुमारास आभासी चलन मिळवण्यासाठी असंख्य कार्डे दिवसरात्र तापवली गेली, आणि बाहेरून पाहून ते कळत नाही.

तिसऱ्या दुकानात एक वयस्कर गृहस्थ बसले होते. थोरलीने आपली यादी पुढे केली. त्यांनी चष्मा लावून ती सावकाश वाचली आणि एका ओळीवर पेन्सिल टेकवली. तिने १६ जीबीची एकच रॅम लिहिली होती. हेतू असा की दुसरी खाच पुढच्यासाठी राहील. ते म्हणाले, "बेटा, इथे चूक आहे. ग्राफिक्स पोटातले आहे, ते रॅममधूनच खाणार. ८ च्या दोन लाव, दोन रस्ते होतील." थोरली लगेच हो म्हणाली नाही. बाजूला होऊन तिने मोबाइलवर दोन ठिकाणी वाचून पाहिले, मग परत येऊन म्हणाली, "काका, तुमचं बरोबर आहे." ते हसले. विकणाऱ्याचे ऐकू नये असे नाही आणि आपलेच खरे धरावे असेही नाही. पारखावे दोन्ही.

धाकट्याचे मन काचेच्या, रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटवर जडले होते. त्याचे तोंड काचेने बंद होते. मुंबईच्या मे महिन्यात, पत्र्याखाली किंवा वरच्या मजल्यावर, असा डबा वाऱ्यासाठी गुदमरतो. पुढे जाळी असलेले साधे काळे कॅबिनेट घेतले. काही कॅबिनेटांबरोबर एसएमपीएस जवळजवळ फुकट येतो आणि त्यावर मोठमोठे वॅट छापलेले असतात. त्यावर आम्ही विश्वास ठेवला नाही. ८० प्लसची खूण असलेला, ४५० वॅटचा वेगळा घेतला. वीज वाटणारा खराब निघाला तर तो एकटा जात नाही, इतरांनाही घेऊन जातो.

त्या गृहस्थांनी मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम काउंटरवरच जोडून पडदा उजळून दाखवला. मग बिल. नाव विचारले तेव्हा आम्ही आडनावासह पूर्ण नाव स्पष्ट सांगितले. नाव सांगताना आवाज खाली आणायची आमच्या वडिलांच्या पिढीला सवय लागली होती. धाकटा शेजारीच उभा होता, त्याने ती सवय पाहू नये असे वाटले.

दुसरे शील

निघताना दुकानातला पोऱ्या म्हणाला, "विंडोज टाकून देऊ का फुकटात?" धाकट्याचे डोळे चमकले. फुकटात म्हणजे चोरीचे, हे आम्हांला ठाऊक होते. जे दिलेले नाही ते घेणार नाही, असे आपण रोज म्हणतो. ते काय फक्त वाण्याच्या दुकानापुरते? खरे विंडोज घ्यायचे तर पैसे नव्हते. राहिला मार्ग लिनक्सचा. ते फुकट आहे आणि फुकट देण्यासाठीच बनवलेले आहे. थोरलीच्या अभ्यासाला ते चालते. अंधेरीचा भाचा ज्यावर ॲनिमेशन शिकतो ते ब्लेंडरही त्यावर चालते. खेळही पुष्कळ चालतात, काउंटर-स्ट्राइक २ चालतो. परंतु धाकट्याचा जीव ज्यात अडकला होता तो व्हॅलोरंट चालत नाही, त्याला विंडोजच लागते. हे कळल्यावर तो चार दिवस आमच्याशी बोलला नाही. या चार दिवसांचे आम्हांला वाईट वाटले, पण निर्णय बदलला नाही.

खोकी मांडीवर घेऊन परतताना दादरला उतरलो. स्टेशनपासून थोड्या अंतरावर राजगृह. डबक चाळीतल्या त्या मुलाने पुढे मोठे घर बांधले ते पुस्तकांसाठी, हे आम्ही पूल चढताना मनाशीच म्हटले.

चूल पेटली का?

रविवारी भाचा अंधेरीहून मेट्रोने आला. मदरबोर्डचा खोका पाटावर ठेवून त्यावर जोडणी केली. भाच्याने हात लावायचा नाही, फक्त बघायचे, अशी थोरलीची अट होती. प्रोसेसर, त्यावर पंखा, दोन रॅम, एसएसडी, मग कॅबिनेट. इमारतीतली सात-आठ मुले दारात जमली. बटण दाबले. पंखे फिरले, पडदा काळाच. आजी म्हणाली, "चूल पेटली का?" कोणी उत्तर देईना. भाचा पुढे सरसावला तर थोरलीने त्याला हातानेच थांबवले. वही काढून एकेक वायर तपासली. प्रोसेसरला वीज देणारी वरच्या कोपऱ्यातली वायर लावायचीच राहिली होती. ती लावली आणि टीव्हीवर अक्षरे उमटली.

एक गोष्ट महत्त्वाची. जोडणीपूर्वी वायरमन बोलावून आम्ही अर्थिंग तपासून घेतले. आमच्या त्या प्लगला अर्थिंग नव्हतेच. ते नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येतात, प्रसंगी जिवावर बेतते. आधी अर्थिंग, मग संगणक.

आता कप्प्याच्या वर वेळापत्रक चिकटवले आहे. पहाटे ५ ते ७ थोरली. संध्याकाळी अभ्यास संपल्यावर एक तास धाकट्याचा खेळ. रविवारी दुपारी इमारतीतली मुले मराठी टंकलेखन शिकतात, शिकवतो धाकटाच. जागा एक, शिफ्टा तीन.

त्या काकांना आता आमच्याकडे उत्तर आहे. जो संगणक खेळाचे चित्र झरझर काढतो, तोच ॲनिमेशन करतो, तोच प्रोग्राम लिहितो. चाळीस हजार खेळायला गेले नाहीत. आणि खेळायला गेले असते तरी मुलाने तासभर खेळावे यात लाज कसली? आमच्या पिढीला खेळायलाही जागा नव्हती. लाज वाटावी ती न समजता पैसे मोजण्याची. आपल्या घरातला पैसा ओव्हरटाइमचा, बचत गटाचा, शिकवणीचा असतो. तो देण्यापूर्वी वस्तू आतून समजून घेणे हेही शिक्षणच आहे.

तेव्हा बंधू-भगिनींनो, मुलांनी हट्ट धरला तर एकदम नाही म्हणू नका, आणि एकदम पैसेही काढून देऊ नका. त्यांच्या हाती वही द्या. आजीला समजेल असे लिहून आणायला सांगा. मग त्यांच्याबरोबर बाजारात जा.

धाकट्याने विंडोजसाठी एक डबा केला आहे. खाऊचे आणि सणावाराला मिळालेले पैसे तो त्यात टाकतो. डबा अजून भरलेला नाही. तो भरेपर्यंत काउंटर-स्ट्राइक चालू आहे.

जयभीम!